पाझर तलावाचे पाणी कोणत्या विहिरीत पोचते? समस्थानिकांनी तपास करण्याची पद्धत

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही महाराष्ट्रात टंचाईच्या कामांतून हजारो पाझर तलाव उभे राहिले. तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले, हे शेतकरी सांगतात आणि ते बहुधा खरेही असते. पण कोणत्या विहिरीला, किती अंतरापर्यंत आणि किती वाटा, याचे उत्तर पाण्याची पातळी मोजून मिळत नाही. चांगला पाऊस झाला की तलाव नसलेल्या गावातही विहिरी चढतात. भूजल अंदाजाच्या १९९७ च्या राष्ट्रीय कार्यपद्धतीत पाझर तलावासाठी सरसकट निकष होता: वर्षात जितक्या वेळा तलाव भरला ते धरून एकूण साठ्याच्या ५० टक्के पाणी भूजलात जाते असे मानायचे. कातळावर बसलेला तलाव आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकावर बसलेला तलाव, दोघांना एकच आकडा. समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची, पद्धत वापरायची ती या दोघांत फरक करता यावा म्हणून.

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या एका पाझर तलावासाठी हे काम पहिल्या बाटलीपासून शेवटच्या गणितापर्यंत कसे करायचे, ते पुढे दिले आहे. यात पाण्यात बाहेरून काहीही मिसळावे लागत नाही. खूण पाण्यातच असते.

खूण कुठून येते

पाण्याचे बहुतेक रेणू हलक्या ऑक्सिजन-१६ आणि साध्या हायड्रोजनचे असतात. थोड्या रेणूंत जड ऑक्सिजन-१८ किंवा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतो. हे दोन्ही स्थिर आहेत, किरणोत्सारी नाहीत. उघड्या तलावातून वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात आणि जड मागे राहतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये पावसासारखेच असलेले तलावाचे पाणी फेब्रुवारीपर्यंत स्पष्टपणे 'जड' झालेले असते. तेच पाणी जमिनीत मुरले की वाफ थांबते आणि ती खूण तशीच पुढे जाते. ज्या बाष्पीभवनामुळे तलाव आटतो, तेच आपल्याला पाणी ओळखायला मदत करते.

प्रमाण डेल्टा या मापात सांगतात: नमुन्यातले जड-हलक्याचे गुणोत्तर प्रमाणित समुद्रजलापेक्षा (व्हीएसएमओडब्ल्यू) हजारात किती जास्त किंवा कमी. एकक दर हजारी, चिन्ह ‰. उणे आकडा म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके. पुढे जिथे नुसते 'डेल्टा-१८' म्हटले आहे तिथे ऑक्सिजनचे मूल्य समजावे आणि 'डेल्टा-डी' म्हणजे ड्युटेरियमचे.

भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या पाण्यासाठी एक सरळ रेषा मांडली:

डेल्टा-डी = ८ × डेल्टा-१८ + १०

पाऊस साधारण या रेषेवर किंवा तिच्या जवळ पडतो. उघड्यावर वाफ झालेले पाणी या रेषेपासून उजवीकडे, कमी उताराने निघून जाते. तलाव-तळ्यांसाठी तो उतार बहुधा ४ ते ६ असतो, मातीतल्या बाष्पीभवनासाठी त्याहून कमी. झाडांनी मुळांतून पाणी ओढले तर मात्र उरलेल्या पाण्याच्या खुणेत व्यवहारतः फरक पडत नाही. हा भेद पुढे क्लोराइड वाचताना उपयोगी पडेल.

नमुन्याआधी नकाशा आणि पातळ्या

बहुतेक अभ्यास प्रयोगशाळेत फसत नाहीत. चुकीच्या विहिरी निवडल्यामुळे ते पहिल्याच दिवशी फसलेले असतात. तलावाच्या भिंतीखाली दोन-तीन किलोमीटर आणि वरच्या अंगाला एक किलोमीटर एवढ्या पट्ट्यातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर नकाशावर घ्या. प्रत्येकीचा काठ एकाच आधारबिंदूपासून लेव्हल यंत्राने जोडा. मोबाइलच्या जीपीएसची उंची इथे चालत नाही, तिची चूक विहिरींतल्या पातळीच्या फरकापेक्षा मोठी असते. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वजा केले की पाण्याची खरी पातळी मिळते.

आता तलावातल्या पाण्याशी तुलना करा. विहिरीतली पातळी तलावाच्या पातळीपेक्षा वर असेल, तर तलावाचे पाणी तिच्यात येणे शक्यच नाही. अशी विहीर 'तलावाचा वाटा नसलेले भूजल' म्हणून कामाची आहे, लाभार्थी म्हणून नाही. दोन विहिरींत अचानक काही मीटर फरक दिसला तर मध्ये डाइक, म्हणजे खडकात उभी घुसलेली दुसऱ्या खडकाची भिंत, आहे का ते बघा. बेसॉल्टला उभा कापत गेलेला डाइक कधी पाणी अडवतो आणि कधी स्वतःच्या भेगांतून वाहून नेतो. विहिरीच्या उघड्या बाजू नीट पाहून थर लिहून ठेवा: माती, मुरूम, मांजऱ्या, कातळ, मधला तांबड्या मातीचा पट्टा, आणि झरे नेमके कोणत्या थरातून येतात ते. एकाच शेतातली ८ मीटरची विहीर आणि १०० मीटरचा बोअर ही बऱ्याचदा दोन वेगळी पाणी असतात. दोघांचे आकडे एका ढिगात टाकू नयेत.

एका तलावासाठी आठ विहिरी पुरतात. वरच्या अंगाला किमान दोन. खाली अंदाजे १००, ३००, ६०० आणि १००० मीटरवर एकेक. नाल्यापासून बाजूला, तलावाचा प्रभाव नसावा असे वाटते तिथे एक. आणि एक बोअर. वरच्या अंगाला एकच विहीर घेऊन भागवू नका. तिचा आकडा किती हलतो हे कळले नाही, तर पुढच्या गणितातली चूक सांगता येत नाही.

वेळापत्रक

ऑक्टोबरमध्ये तलाव नुकताच भरलेला असतो आणि त्याच्या पाण्याची खूण भूजलासारखीच असते. त्या महिन्यात एकदाच नमुने घेऊन 'तलावाचा प्रभाव दिसत नाही' असा निष्कर्ष काढणे, ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. खूण पक्की व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि ती विहिरीपर्यंत पोचायला आणखी.

तलावाचा नमुना सांडवा थांबल्यापासून तलाव आटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी घ्या. विहिरींचा ऑक्टोबर ते मे दर महिन्याला. पाऊस जून ते ऑक्टोबर, महिन्याचा एकत्रित. आठ विहिरींचे आठ महिने म्हणजे ६४, तलावाचे १४ च्या आसपास, पावसाचे ५, आणि दहा टक्के दुबार नमुने ८. एकूण ९१ बाटल्या. पैसे कमी असतील तर विहिरी कमी करा, महिने कमी करू नका.

बाटली

प्रत्येक नमुन्यासाठी ५० ते ६० मिलिलिटरची जाड प्लास्टिकची (एचडीपीई) बाटली, आतल्या बुचासह आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची. पाणी पिण्याच्या पातळ बाटल्या चालत नाहीत, त्यांच्या भिंतीतून आणि झाकणातून वाफ जाते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच दाबा, उलटी करून बुडबुडा राहिला नाही ना ते पाहा. आम्ल घालायचे नाही, गोठवायचे नाही. गढूळ असेल तरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून सिरिंजने गाळा. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून बाटल्या सावलीत, शक्यतो थंड जागी ठेवा.

यात एवढी काळजी का? एक टक्का पाणी वाफ होऊन गेले तरी डेल्टा-१८ साधारण ०.१ ते ०.२ ‰ सरकतो, म्हणजे यंत्राच्या अचूकतेइतका किंवा जास्त. आणि ही चूक नेमकी तलावाच्या पाण्याच्या दिशेने जाते! ढिल्या झाकणाची बाटली तलावाचा खोटा वाटा दाखवते. म्हणून प्रत्येक बाटली भरल्यावर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोलून वजन लिहा आणि प्रयोगशाळेत पाठवण्याआधी पुन्हा तोला. ६० मिलिलिटरच्या बाटलीत ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त घट दिसली तर तो नमुना बाजूला ठेवा.

लेबल पेन्सिलीने किंवा पक्क्या शाईने बाटलीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणे बदलतात. सोबतच्या वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, तापमान आणि विद्युत वाहकता, म्हणजे ईसी.

विहिरीतून नमुना

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते ११३ घनमीटर होते. एवढे पाणी बरेच दिवस उपसा न होता उन्हात उभे राहिले, तर विहीर स्वतःच एक छोटा तलाव बनते. पृष्ठभागावरचे पाणी बादलीने घेतले तर मोजली जाते ती विहिरीची वाफ, आणि ती तलावाचा वाटा म्हणून अहवालात जाते. म्हणून ज्या विहिरीवर रोज पंप चालतो तीच निवडा. शेतकऱ्याचे भरणे चालू असताना, पातळी पुरेशी खाली गेल्यावर, पंपाच्या पाइपच्या तोंडाशी नमुना घ्या. ठिबकच्या टाकीतून किंवा शेततळ्यातून कधीच नाही. विहीर पूर्ण उपसली जात असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरून आलेले पाणी सर्वांत चांगले, कारण ते ताजे झऱ्यांचे असते. पंप नसेल तर वजन बांधलेली, दोरीने बूच उघडता येणारी बाटली तळाजवळ सोडा. नमुन्यासाठी विहिरीत उतरू नये. बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो.

बोअरचे गणित सोपे आहे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला १७.७ लिटर पाणी मावते. ४० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण ७१० लिटर. तिप्पट, म्हणजे २१०० लिटर उपसल्यावर नमुना घ्यायचा. सेकंदाला एक लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी ३५ मिनिटे लागतात. दर पाच मिनिटांनी ईसी पाहा. सलग तीन वाचनांत फरक तीन टक्क्यांच्या आत आला की बाटली भरा. हातपंपावर हे कष्टाचे काम आहे, पण टाळता येत नाही.

तलावातून नमुना काठावरचा घेऊ नका. काठाचे उथळ पाणी जास्त तापते आणि जास्त जड असते. भिंतीजवळच्या सर्वांत खोल भागात, पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर घ्या. होडी नसेल तर भिंतीवरून लांब बांबूला बाटली बांधून घेता येते. खोली तीन मीटरपेक्षा जास्त असेल तर तळाजवळचाही एक नमुना घेऊन दोन्ही सारखे आहेत का ते एकदा तपासा.

पाऊस

वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१ मिलिलिटर पाणी. महिन्याला २०० मिलिमीटर पडला तर सहा लिटरहून थोडे जास्त, म्हणून पठारावर दहा लिटरचा कॅन पुरतो. घाटमाथ्यावर नरसाळे लहान घ्यावे लागते, नाहीतर कॅन आठवड्यात वाहून जाईल. नरसाळ्याची नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, म्हणजे तिचे तोंड पाण्यात बुडून राहते आणि वाफेला वाट उरत नाही. हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी, लांब आणि बारीक नळी लागते. पूर्वी कॅनमध्ये पाच मिलिमीटर पॅराफिन तेलाचा थर ठेवत. तेही चालते, पण नमुन्यात तेलाचा अंश गेला तर प्रयोगशाळेतले समस्थानिक मोजणारे लेसर यंत्र बिघडते. कॅन जमिनीत अर्धा पुरा किंवा पांढऱ्या पत्र्याने झाका. महिना संपताच पाणी मोजा, हलवून मिसळा, बाटली भरा, उरलेले टाकून कॅन पूर्ण कोरडा करून परत लावा.

सरासरी काढताना पावसाचे वजन धरा: प्रत्येक महिन्याचा पाऊस गुणिले त्याचा डेल्टा, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण पाऊस. साध्या सरासरीत २० मिलिमीटरचा जून आणि २०० मिलिमीटरचा सप्टेंबर सारखेच होतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांच्या पर्जन्य-समस्थानिक जाळ्यात मुंबईच्या नोंदी आहेत. त्यांचा उपयोग तुलनेपुरता करा. ढग घाट ओलांडताना जड रेणू आधी खाली टाकतात आणि परतीच्या पावसाची वाफ बऱ्याचदा बंगालच्या उपसागराकडून येते. मुंबईची रेषा माण-खटावच्या किंवा सांगोल्याच्या पावसाला लावली तर गणिताची सुरुवातच चुकते.

प्रयोगशाळा

अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कोळिकोडचे जलसंसाधन विकास व व्यवस्थापन केंद्र या संस्था या विषयात काम करतात. नमुने गोळा करण्याआधीच बोलणे करून घ्या. बाटलीचा आकार आणि यादीचा नमुना तेच सांगतील.

लेसर यंत्रात आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरतो. म्हणून एकाच नमुन्याची अनेक इंजेक्शने देऊन पहिली काही टाकून दिली जातात. यादीत पावसाच्या नमुन्यालगत मे महिन्यातले आटलेले तलाव-पाणी लावू नका. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा आणि तलावाचे नमुने बरेच जड आहेत हे आधीच कळवा, म्हणजे त्यांची प्रमाणके (मूल्य आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने) दोन्ही टोकांना असतील. सांडपाणी किंवा शेवाळ कुजलेले पाणी असेल तर तेही सांगा. मद्यार्कासारखी सेंद्रिय द्रव्ये लेसरला फसवतात. डेल्टा-१८ साठी ±०.१ ‰ आणि डेल्टा-डी साठी ±१ ‰ एवढी अचूकता मिळाली तर काम होते. आठ दुबार नमुने वेगळ्या नावाने पाठवा. ते कशाचे आहेत हे प्रयोगशाळेला सांगायचे नाही. त्यांचे आकडे जुळले नाहीत तर बाकीच्यांवरही विश्वास ठेवता येत नाही.

आलेख आधी, गणित नंतर

एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर डेल्टा-१८, उभ्या अक्षावर डेल्टा-डी. जागतिक रेषा काढा, मग आपला पाऊस, मग तलाव, मग विहिरी वेगवेगळ्या रंगांत. तलावाचे बिंदू तारखेच्या क्रमाने एका रेषेत उजवीकडे वर सरकत गेले पाहिजेत. मध्येच एखादा मागे आला तर अवकाळी पाऊस झाला किंवा तलावात कुठून तरी पाणी सोडले गेले. तलावाची रेषा मागे वाढवून पावसाच्या रेषेला जिथे मिळते, ते तलावाच्या मूळ पाण्याचे मूल्य.

खालच्या विहिरींचे बिंदू वरच्या विहिरींचा घोळका आणि तलाव यांना जोडणाऱ्या रेषेवर पडत असतील तर मिश्रणाचे गणित करायला हरकत नाही. त्या रेषेच्या खाली, आणखी कमी उतारावर पडत असतील तर थांबा. ते बहुधा शेतातून परत मुरलेले पाणी आहे, ज्याची वाफ मातीतून झाली. शेततळ्यात महिनोन्महिने साठवून ठिबकला दिलेल्या पाण्यातही अशीच जड खूण असते. असे शेततळे तलावाखाली असेल तर त्याचाही नमुना घ्या. नाहीतर त्याचे श्रेय तलावाला जाते.

क्लोराइडचा आधार इथे घ्या. वाफेने पाणी जड होते तसे क्लोराइडही वाढते. क्लोराइड वाढले पण डेल्टा हलला नाही, तर पाणी पिकांनी ओढले आहे किंवा बाहेरून मीठ आले आहे.

वाटा काढणे

तलावाचा वाटा = (खालची विहीर − वरची विहीर) ÷ (तलाव − वरची विहीर)

समजण्यासाठी मानलेले आकडे घेऊ. वरच्या विहिरी: डेल्टा-१८ उणे २.६, डेल्टा-डी उणे १२. तलाव: अधिक ३.० आणि अधिक १६. खालची विहीर: उणे १.२ आणि उणे ५. ऑक्सिजनवरून १.४ ÷ ५.६ म्हणजे २५ टक्के, ड्युटेरियमवरून ७ ÷ २८, तेही २५ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही इतके जुळत नाहीत. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर तिसरे कोणते तरी पाणी मिसळते आहे.

चूक काढल्याशिवाय २५ हा आकडा कुणाला देऊ नये. खालच्या विहिरीच्या मोजणीत ०.१, तलावाच्या मूल्यात ०.५ आणि वरच्या विहिरींमध्ये आपसात ०.३ ‰ असा फरक धरा. प्रत्येकाला ५.६ ने भागा. त्याआधी तलावाच्या चुकीला वाट्याने, म्हणजे ०.२५ ने, आणि वरच्या विहिरींच्या चुकीला उरलेल्या ०.७५ ने गुणा. तिन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर सुमारे ०.०५ येते. म्हणजे वाटा २५ ± ५ टक्के. यातली सर्वांत मोठी चूक वरच्या विहिरींची आहे, यंत्राची नाही. हेच गणित ऑक्टोबरच्या आकड्यांनी करून पाहा. तेव्हा तलाव उणे २.० आणि भूजल उणे २.६, फरक फक्त ०.६. नुसत्या वरच्या विहिरींच्या फरकामुळेच चूक ३७ टक्क्यांवर जाते आणि उत्तराला काही अर्थ राहत नाही.

'वरची विहीर' हे टोक पावसाच्या सरासरीने का बदलू नये? कारण सगळा पाऊस मुरत नाही. काळ्या जमिनीत जून-जुलैच्या हलक्या सरी मातीतच राहतात आणि पिके त्या वापरतात. भूजलापर्यंत बहुधा मोठ्या पावसांचे पाणी जाते आणि त्याची खूण सरासरीपेक्षा वेगळी असू शकते.

तलावाचे कोणते मूल्य घ्यायचे

खरी अडचण इथे आहे. फेब्रुवारीत विहिरीत आलेले पाणी तलावातून फेब्रुवारीत निघालेले नसते. ते डिसेंबरमध्ये मुरले असेल, तर त्याची खूण डिसेंबरच्या तलावाची. फेब्रुवारीचे जड मूल्य गणितात घातले की भाजक मोठा होतो आणि वाटा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. वर तलावाचे अधिक ३.० धरले, मुरताना ते अधिक ०.५ असते, तर तोच वाटा १.४ ÷ ३.१, म्हणजे ४५ टक्के झाला असता. एका तारखेच्या निवडीने उत्तर जवळजवळ दुप्पट होते.

उपाय म्हणजे काळाचा आलेख. तलाव आणि प्रत्येक विहीर यांचे डेल्टा-१८ तारखेसमोर मांडा. तलावाची चढण विहिरीत किती आठवड्यांनी दिसू लागते ते पाहा. तेवढे आठवडे मागे जाऊन तलावाचे मूल्य घ्या. १०० मीटरवरच्या विहिरीला आणि १००० मीटरवरच्या विहिरीला वेगवेगळा उशीर लागेल. उशीर नीट कळत नसेल तर दोन टोकांची तलाव-मूल्ये घालून वाट्याची कमाल आणि किमान मर्यादा द्या.

दुसरी गोष्टही त्याच दिशेने जाते. तलाव भरलेला असताना पाण्याचा दाब जास्त आणि तळाचे क्षेत्र मोठे, म्हणून सर्वांत जास्त पाणी सुरुवातीलाच मुरते. नेमके त्याच वेळी खूण फिकी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुरलेले पाणी या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून समस्थानिकांनी आलेला वाटा ही तलावाच्या उपयोगाची खालची मर्यादा समजावी, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

टक्क्यांवरून घनमीटर

२५ टक्के म्हणजे विहिरीतल्या पाण्यातला वाटा, पुनर्भरणाचा आकडा नव्हे. त्यासाठी उपसा मोजावा लागतो. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर पंपाचा विसर्ग सेकंदाला ५ लिटर. रोज चार तास चालला तर ७२ घनमीटर, रब्बीच्या १०० दिवसांत ७२००. त्यातले २५ ± ५ टक्के, म्हणजे १४४० ते २१६० घनमीटर पाणी त्या विहिरीने तलावाचे उपसले. तासांचा अंदाज शेतकऱ्याच्या आठवणीवर न ठेवता पंपाच्या स्टार्टरला तास मोजणारे मीटर लावणे चांगले, कारण वीज रात्री येते की दिवसा यावर तास बदलतात.

त्याच काळात तलावाचा स्वतंत्र हिशेब ठेवा. खोलीच्या खांबावर रोज सकाळी पाणी वाचा. आवक नाही, सांडवा बंद, तलावातून थेट उपसा नाही अशा दिवसांत तलाव १२ मिलिमीटर उतरला आणि बाष्पीभवन पात्रात ६ मिलिमीटर घट झाली, तर पात्राच्या ०.७ या गुणकाने गुणून तलावाची वाफ ४.२. उरलेले ७.८ मिलिमीटर मुरले. त्याला त्या दिवशीच्या जलक्षेत्राने गुणा. हा आकडा किती पाणी मुरले ते सांगतो, समस्थानिक ते कुठे गेले ते. दोन्ही जुळवल्यावर तलावाखालच्या विहिरींचा एकूण वाटा मुरलेल्या पाण्यापेक्षा बराच कमी निघाला, तर उरलेले नाल्याच्या पात्रातून किंवा भेगांतून पुढे जात आहे. मोठा निघाला तर विहिरीचे नमुने किंवा पंपाचे तास पुन्हा तपासा.

खोल बोअरसाठी ट्रिटियम

बोअरमध्ये तलावाची खूण दिसली नाही, तर त्यातले पाणी किती जुने आहे हे विचारण्यात अर्थ आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, त्याचा अर्धायुकाल १२.३२ वर्षे. १९६३ च्या आसपास अणुचाचण्यांमुळे पावसात तो खूप वाढला होता, आज पावसात तो मोजक्याच ट्रिटियम एककांइतका उरला आहे. त्यामुळे नेमके वर्ष सांगता येत नाही. पण ट्रिटियम जवळजवळ नसेल तर पाणी १९५० च्या दशकाआधी मुरलेले आहे, असे खात्रीने म्हणता येते. त्या बोअरला पाझर तलावाने या पिढीत काही दिले नाही आणि त्यातला उपसा साठवणुकीतून होतो आहे. नमुना एक लिटरचा, हवेचा बुडबुडा न ठेवता. ट्रिटियम असलेली चमकणारी घड्याळे किंवा पाट्या जवळ नकोत. थोडासा ट्रिटियम दिसला तर लगेच 'नवे पाणी' म्हणू नका. बोअरची केसिंग (आत बसवलेला पाइप) उथळ असेल तर वरच्या विहिरीचे पाणी आतून खाली गळते, आणि मिश्रण मधले कुठले तरी वय दाखवते.

शेतातून थेट पावसाचे पुनर्भरण मोजायचे असेल तर ट्रिटियम जमिनीत टोचण्याची पद्धत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ती देशात अनेक ठिकाणी वापरली. मान्सूनआधी मुळांच्या खाली, ६० ते ८० सेंटिमीटरवर, खूण टोचतात. पावसाळ्यानंतर मातीचे दहा-दहा सेंटिमीटरचे गाभे काढून ती किती खाली सरकली ते पाहतात. ४० सेंटिमीटर सरकली आणि मातीत आकारमानाने २० टक्के ओल असेल तर पुनर्भरण ८० मिलिमीटर. यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, ते काम परवाना असलेल्या संस्थेनेच करावे. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे: उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी खूण असलेल्या थराला वळसा घालून थेट खाली जाते. खूण जागच्या जागी राहते आणि पुनर्भरण शून्याजवळ येते. मुरमाड आणि हलक्या जमिनीत ही पद्धत भरवशाची आहे.

निकाल आल्यावर बाटल्या फेकू नका. प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली सुरुवातीलाच भरून सावलीत एक वर्ष ठेवा. गाळ काढल्यानंतर किंवा तलावाची उंची वाढवल्यानंतर हाच अभ्यास पुन्हा कराल, तेव्हा जुन्या दहा बाटल्या नव्यांबरोबर त्याच दिवशी त्याच यंत्रावर मोजून घ्या. दोन वर्षांचे आकडे वेगळे आले, तर फरक तलावात झाला की मोजणीत, हे त्यावरूनच ठरवता येते.